आईचं नाव कोणत्या वहीत?

कुणाच्या हातात कणीक असेल, कुणी शेंगा फोडत बसली असेल. हात चालू राहू द्या, कान तेवढे इकडं द्या. आज आम्ही जुन्या कागदांची गोष्ट घेऊन आलोय.

तुम्हाला आठवत असेल, २०२३ च्या दिवाळीच्या सुमारास आपल्याकडं जुन्या नोंदी शोधायची एकच धांदल उडाली होती. पणजोबांच्या नावापुढं कुणबी लिहिलंय का, हे बघायला घरोघरची माणसं तहसील कचेरीत, शाळेत, तलाठ्याकडं फेऱ्या मारत होती. जातीचा दाखला बापाच्या बाजूनं चालतो. म्हणून आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा असा शोध वर वर जात होता. आम्ही बायका त्या रांगेत पिशव्या धरून उभ्या होतो. अख्ख्या रांगेत एकानंही आजीचं नाव विचारलं नाही. दाखल्याला ते लागतच नव्हतं.

आमच्या गटातल्या आक्का तेव्हा रांगेत होत्या. सत्तरी ओलांडलेली बाई. त्या हळूच म्हणाल्या, “पोरींनो, एवढे कागद निघायलेत, त्यात माझ्या आईचं नाव घावंल का गं?”

आक्का अडीच-तीन वर्षांच्या असताना त्यांची आई गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं, आणि पहिलीचं नाव घरात पुन्हा निघालं नाही. सासरी तिला सगळे माहेरच्या गावावरून हाक मारायचे, अमुकगावकरीण. मामा तिला ‘माई’ म्हणायचा. ते लाडाचं नाव. खरं नाव काय, हे मामाला विचारायचं राहून गेलं आणि मामाही गेला. आक्का पाच नातवंडांच्या आजी झाल्या, पण आईचं नाव त्यांना माहीत नव्हतं. आम्ही आपापसात विचारून बघितलं. आम्ही अकरा जणी. आपल्या आईच्या आईचं नाव सातजणींना सांगता आलं. तिच्या आईचं नाव फक्त एकीला. वडिलांच्या बाजूची चार नावं मात्र जवळजवळ सगळ्याच घडाघडा म्हणतात.

मग ठरवलं, शोधायचं.

पहिली चूक आम्ही ही केली की थेट कचेरीत गेलो. शोध घरातून सुरू करायला हवा होता. जुन्या पितळी हंड्यावर, परातीवर, घागरीवर नाव कोरलेलं असतं. लग्नात कुणी दिलं, कुणाला दिलं, कधी साल सुद्धा. बाईचं नाव जपणारी ती एक जागा आहे, कारण भांडं तिचं असतं. तुमच्याकडं माळ्यावर असं भांडं असेल तर चिंच लावून घासा आणि वाचा. आक्कांच्या आईचा हंडा होता म्हणे. सावत्र आईच्या काळात मोडीत गेला.

कचेरीत काय झालं ते थोडक्यात सांगतो. एका कार्यालयात आम्हाला विचारलं, “कशासाठी पाहिजे? दाखला काढायचाय?” आम्ही म्हटलं, “नाही, आईचं नाव शोधायचंय.” तो माणूस हसला आणि म्हणाला, नंबर सांगा, साल सांगा, मग बघू. राग आला, पण बोलणं खोटं नव्हतं. सरकारी वह्यांत नाव धरून शोधता येत नाही. गाव, साल आणि नंबर धरून शोधावं लागतं.

तिथून आम्ही तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात गेलो. आमच्यातल्या चौघींनी त्या दिवशी पहिल्यांदा वाचनालयाची पायरी चढली. पुरुष मंडळी पेपर वाचत बसलेली, आम्हाला बघून सरकून बसली. ग्रंथपाल बाई होत्या, ते बरं झालं. त्यांनी कपाटाच्या वरच्या खणातून गॅझेटियर काढून दिलं. इंग्रजांच्या काळात जेम्स कॅम्बेल नावाच्या अधिकाऱ्यानं मुंबई इलाख्याचे जिल्हावार ग्रंथ तयार करवले. साताऱ्याचा भाग १८८५ चा आहे. त्यात तुमच्या-आमच्या आजीचं नाव नाही. पण दुष्काळ कधी पडला, बाजार कुठं भरायचा, रस्ता कधी झाला, कोणत्या जातीची माणसं काय काम करायची, हे सगळं आहे. स्वातंत्र्यानंतर राज्य सरकारनं नवे गॅझेटियर काढले, त्यातले काही मराठीत आहेत. मग जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका. त्यात गावागावाची डोकी मोजलेली असतात, नावं नसतात. घरोघर लिहून नेलेली नावं सरकार कुणाला दाखवत नाही.

शेजारच्या कपाटात कुलवृत्तान्त होते. एकेका आडनावाच्या घराण्याची ही जाड पुस्तकं. कोण कुणाचा मुलगा, सून कुठल्या घरची, तिचं माहेरचं नाव काय, मुली कुठं दिल्या. बघून हेवा वाटला. पण ज्यांच्या घरात लिहिणं-वाचणं पिढ्यान्‌पिढ्या होतं, बहुतेक त्यांचीच ही पुस्तकं. आपल्या घराण्याचा कुलवृत्तान्त कुणी छापला नाही. आपल्यासाठी तलाठ्याच्या वह्या.

पेपर वाचायला येणारे एक निवृत्त गुरुजी मोडी वाचतात. आम्ही त्यांनाच धरलं. साठ-सत्तर वर्षांपूर्वीपर्यंत आपल्याकडं हातानं लिहायची लिपी मोडी होती. त्यामुळं जुना कागद हातात आला तरी आपल्याला तो कोळ्याच्या जाळ्यासारखा दिसतो. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडी शिकवायचे वर्ग घेतं. आमच्यातल्या एकीची बारावी झालेली मुलगी आता ते शिकते आहे, आणि आमच्या सगळ्यांत तिचा भाव वाढला आहे.

गुरुजींनी आम्हाला सर्वांत कामाची गोष्ट सांगितली. म्हणाले, कुठलीही वही उघडण्याआधी विचारा, ही वही लिहिली कशासाठी? ज्यासाठी लिहिली तेवढंच त्यात सापडेल.

आता हेच बघा. पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दफ्तर आहे. कोट्यवधी मोडी कागद, कापडात बांधून ठेवलेले. त्या गाठोड्यांना रुमाल म्हणतात. राज्याचा हिशेब, फौजेचा खर्च, वतनाचे वाद. रियासतकार सरदेसाईंनी १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत त्यातल्या निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग छापले. मोठ्या घरच्या बायका त्यात आहेत. आणि गरीब बाई? ती कुणबीण म्हणून आहे. कुणबीण म्हणजे दासी. तिची खरेदी-विक्री व्हायची आणि तिची किंमत लिहिली जायची. राज्याच्या हिशेबात ती पैशांमुळं आली. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरून वाड्यांच्या अडगळीतून कागद गोळा करत. १८९८ पासून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावानं बावीस खंड काढले. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० चं, धुळ्याचं राजवाडे मंडळ १९२७ चं. इतिहास म्हटलं की ही नावं येतात आणि ती मोलाची आहेत. पण ज्या घराला अडगळीची खोलीच नव्हती, त्या घरचे कागद कोण गोळा करणार?

आपलं गाव कागदावर आलं ते साऱ्यासाठी. १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी नव्या पद्धतीची मोजणी सुरू केली. तिथून ती सगळ्या इलाख्यात पसरली. प्रत्येक शेताला नंबर आणि प्रत्येक नंबराला सारा भरणारा खातेदार. राबतं कोण, हे त्या वहीला नको होतं. पैसे कुणाकडून वसूल करायचे, तेवढं हवं होतं. म्हणून घरातला एक पुरुष लिहिला की काम झालं. पुढं सातबाऱ्यावर ‘ए.कु.मॅ.’ दिसतं, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. थोरला भाऊ. बाकीचं घर त्या तीन अक्षरांच्या मागं.

जन्म-मृत्यूची नोंद वेगळ्या कारणानं होत होती. किती जन्मले, किती मेले, साथ कुठं पसरली, हे सरकारला कळायला हवं होतं. त्याला आपल्याकडं कोतवाल बुक म्हणतात. कोतवालानं खबर द्यायची आणि वहीत चढवायची. तहसीलच्या अभिलेख कक्षात या वह्या असतात. अर्ज करायचा, नक्कल फी भरायची. आक्कांच्या जन्माचा साधारण काळ काढून आम्ही चार वर्षांची पानं बघितली. सापडलं. वडिलांचं नाव, जात, तारीख, आणि अपत्याच्या रकान्यात एकच शब्द: मुलगी. आईच्या नावाला त्या पानावर रकानाच नव्हता. आक्कांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाल्या, “मी हाय म्हणायची.”

आईच्या मृत्यूची नोंदही मिळाली. ‘अमक्याची बायको, ताप.’ एवढंच.

तापाचं निघालं म्हणून सांगतो. १९१८ ची पानं उघडली की पावसाळ्याच्या अखेरीला ताप, ताप, ताप अशी ओळच लागते. ती इन्फ्लुएन्झाची साथ. त्या साथीत आपल्या देशात एक कोटीहून जास्त माणसं गेली, आणि इथं पुरुषांपेक्षा बायका जास्त गेल्या. पिकल्या केसांच्या नाहीत, लेकुरवाळ्या. आमच्या गावच्या त्या पानांवर ‘अमक्याची बायको’ आणि ‘अमक्याची आई’ इतक्या वेळा आलंय की वाचणारीनं पान मिटून ठेवलं. ज्या घरात दोन आज्या निघतात, एक सख्खी आणि एक सावत्र, तिथं हे साल आठवून बघा.

शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आक्का चौथीपर्यंत दिसल्या. शाळा सोडल्याचं कारण: घरकाम. जन्मतारीख: एक जून. ही एक जून तुमच्याही घरात दोघा-तिघांची असेल. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, गुरुजी पोराच्या उंचीवरून साल ठरवायचे आणि तारीख टाकायचे एक जून. तेव्हा शाळेच्या तारखेवर फार विसंबू नका. नाव मात्र पक्कं असतं, आणि गावात शाळा जितकी जुनी तितकं रजिस्टर जुनं. ज्या घरांना जमीन नव्हती त्यांच्यासाठी तर हाच मोठा आधार.

एवढं करून आईचं नाव कुठंच नाही. आक्का म्हणाल्या, जाऊ द्या. आम्हीही थोड्या खचलो.

गुरुजी म्हणाले, बाई सासरच्या वहीत शोधताय, माहेरच्या बघा. आणि फेरफार बघा.

फेरफार म्हणजे जमिनीच्या हक्कात जो बदल झाला त्याची नोंद, गाव नमुना सहा. सातबाऱ्यावर नावाशेजारी वर्तुळात एक आकडा असतो. तो फेरफाराचा नंबर. तो धरून मागं जायचं. त्या फेरफारात आधीच्याचा नंबर मिळतो, तसं एकेक पायरी उतरत जायचं. जमिनीचं एकत्रीकरण झालं तेव्हा सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, तिथं पायरी तुटल्यासारखी वाटते. भूमी अभिलेखच्या कार्यालयात जुना नंबर कोणत्या गटात गेला ते कळतं. काही जिल्ह्यांचे जुने फेरफार स्कॅन करून ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावरही ठेवले आहेत. मुलांना मोबाईलवर बघायला सांगा.

जुन्या कागदांतले काही शब्द लक्षात ठेवा. ‘बिन’ आणि ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा. ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. ‘भ्र.’ म्हणजे भ्रतार, तेही नवऱ्याचं नाव सांगायला. आणि ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. नवरा मेला, मुलं लहान आहेत, मग मुलांची नावं लागतात आणि पुढं ‘अ.पा.क. आई’ असं लिहून तिचं नाव येतं. आम्ही गावातले शे-दीडशे फेरफार वाचले. बाईचं नाव कुठं येतं हे आम्हाला तेव्हा कळलं. घरातला पुरुष मेला की येतं. मुलं अज्ञान असली की येतं. आणि ती काही सोडून देते तेव्हा येतं.

अजून एक. कायदा बदलला की वहीतली नावं बदलतात. १९५६ आधी विधवेचा हक्क हयातीपुरता असायचा आणि भाऊ असताना लेकीचं नाव वारसात शोधूनही मिळणं अवघड. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलगी बापाच्या वाट्याला वारस झाली. मुलगी आधीच वारली असेल तर तिची मुलं वारस झाली. २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क मिळाला. म्हणून साल बघून वही उघडा.

आक्कांचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, १९५६ नंतर पाच-सहा वर्षांनी वारले होते. मामाच्या गावच्या तलाठ्याकडं आम्ही पाच जणी गेलो. आठवडाभरानं तो फेरफार निघाला. निळ्या शाईतलं सुबक अक्षर. मयत खातेदाराचं नाव, मग वारस: विधवा, दोन मुलगे. आणि खाली, ‘मयत मुलगी’, पुढं तिचं नाव, ‘हिची मुलगी’, पुढं आक्कांचं नाव, ‘अज्ञान, अ.पा.क. बाप’.

तो तलाठी कोण होता देव जाणे. दुसऱ्या कुणी ती ओळ गाळली असती तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. त्यानं कायद्याबरहुकूम लिहिली, आणि म्हणून साठ वर्षांनी एका लेकीला आई सापडली. नाव काय, ते आम्ही रेडिओवर सांगत नाही. आक्का म्हणाल्या, ते आधी नातींना सांगायचंय.

त्यांनी ते नाव दोनदा वाचलं. मग बोट आपल्या नावावर आलं आणि विचारलं, “माझं नाव हितं कसं?”

पुढचा फेरफार आमच्यापैकी कुणाला वाचायचा नव्हता, पण पुढचं पान होतं. आठ-नऊ वर्षांनंतरची नोंद. आक्का सज्ञान झाल्यावरची. त्यांनी आपला हिस्सा ‘स्वखुशीने’ मामांच्या लाभात सोडून दिला, सबब नाव कमी केलं. सातबाऱ्यावर त्यांच्या नावाला कंस.

आक्का बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “लग्न झाल्यावर मामानं एकदा तालुक्याला नेलं होतं. लुगडं घेतलं, भजी खाल्ली. एका साहेबापुढं शाईत अंगठा बुडवला. मी म्हटलं, मला सही येती. तर म्हणला, अंगठाच दे.”

वाटेत आमच्यातल्या दोघींनी आपल्याही तसल्याच फेऱ्या सांगितल्या. एकीला चुलत्यानं नेलं होतं, एकीला सख्ख्या भावानं. एकीनं खरंच मनापासून सोडलं होतं, भाऊ अडचणीत होता म्हणून. तिच्याही फेरफारात तोच शब्द, स्वखुशीने. कागदावरून दोघींतला फरक कळत नाही. तो त्यांना विचारावा लागतो, आणि विचारायला त्या असायला हव्यात. म्हणून आमच्या गटानं आता एक दोनशे पानी वही केली आहे. प्रत्येकीनं आई, आजी, पणजी, जेवढं माहीत तेवढं लिहायचं. माहेरचं नाव, सासरी बदललेलं नाव, गाव, आणि कुठं अंगठा दिला असेल तर कशासाठी, हेही. कोल्हापूर-सांगलीकडं सुगीला हेळवी येतात, त्यांच्याकडं घराण्यांच्या वंशावळी असतात. नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यांच्या वह्यांत यात्रेकरूंची नावं असतात. त्यांनाही विचारणार आहोत. मात्र हेळवी घरच्या पुरुषापुढं वाचतो, तेव्हा त्याच्या वाचनात आम्ही मध्येच म्हणणार, “थांबा, आणि त्याची बायको?”

१ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आता मुलाच्या नावानंतर आईचं नाव येतं, मग बापाचं. आमच्यातल्या एकीला तेव्हाच नात झाली, तिच्या दाखल्यावर तसं आहे. आक्कांनी तो दाखला मागून घेऊन बघितला होता.

त्या दिवशी परतताना एसटी स्टँडवर आक्कांनी फेरफाराच्या दोन झेरॉक्स काढायला लावल्या. एक घडी करून पोलक्यात ठेवली. दुसरी कशाला, असं आम्ही विचारलं. म्हणाल्या, मामाच्या घरी देणार.

“त्यांना कशाला आक्का? जमीन तर त्यांच्याचकडं आहे.”

“जमिनीचं नाही गं. त्यांची आत्या ती. त्यांना तरी नाव कुठं ठावं असणार?”